चंद्रभागेच्या संगमापर्यंत

पंढरीची चंद्रभागा महाराष्ट्रांतील आबालवृद्धांस परिचित आहे. परंतु हिमालयांत त्याच नांवाची जी नदी आहे, तिचें दर्शन आपल्याकडील थोड्यांसच घडतें. वेदकालीं तिला असिक्नी म्हणत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत तिचा उल्लेख आहे. पुढें तीच चिनाब होते. तिचा प्रदेश जो लाहूल, तेथें गेल्या आषाढांत आम्ही मोटारसायकलवरून जाऊन आलों. तो वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

मंडळी पांच, वाहनें तीन. आमची साठी उलटलेली असल्यामुळें आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या पाठीमागें बसलों होतों. बेत मनालीहून लेहपर्यंत जाण्याचा होता. 2020 सालीं खुला झालेल्या 9.02 किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळें रोहतांगची अवघड चढण आतां टळते. बोगद्याच्या दक्षिणेस हिरवीगार वनराजी आणि उत्तरेस उघडेबोडके, राखी रंगाचे पर्वत! पर्जन्याचे मेघ बहुतेक दक्षिणेकडेच अडतात, हें त्याचें कारण. तांडीस पेट्रोलच्या टाक्या कांठोकांठ भरून आम्हीं जिस्पा येथें मुक्काम केला.

दुसरे दिवशीं बारालाचा घाटाच्या वाटेवर, झिंगझिंगबार येथें, आमच्यांतील प्राध्यापक मित्रांचें डोकें असह्य दुखूं लागलें व वांत्याही झाल्या. तें स्थळ सुमारें 4,300 मीटर उंचीवर आहे. इंजिनियर मित्र म्हणाले, "दोन तासांत घाट ओलांडूं आणि सरचूस विश्रांति घेऊं." प्राध्यापकही म्हणाले, "मला येथील तंबूंत ठेवा आणि तुम्ही पुढें व्हा."

डॉक्टर मित्रांनीं मात्र साफ नकार दिला. विरळ हवेच्या या विकारावर खालीं उतरणें हाच खरा उपाय. सरचूही तितकेंच उंच. शिवाय तेथून मागें यावें तर सुमारें 4,900 मीटरांचा बारालाचा आणि पुढें जावें तर त्याहूनही उंच घाट आडवे! म्हणजे रात्रीं दुखणें बळावलें तर रोग्यास उतरवावयास वाटच नाहीं.

आमचा विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, माझी रजा थोडीच उरली आहे. आज मागें फिरलों तर माझें लेह राहिलेंच." या प्रवासासाठीं त्यानें तीन वर्षें पैसा सांठविला होता. आम्हांस उत्तर सुचेना. क्षणभर तो घाटाकडे पाहात राहिला. मग कोणी कांहीं सांगण्यापूर्वींच त्यानें आपलें वाहन खालच्या दिशेस वळविलें.

सायंकाळीं केलाँगास, सुमारें 3,100 मीटरांवर, पोंचेपर्यंत प्राध्यापकांची डोकेदुखी निम्मी उतरली होती. दोन रात्री तेथें काढून ते तिघे सावकाश लेहकडे गेले. आम्ही दोघे परत निघालों आणि वाटेंत तांडीच्या संगमावर थांबलों.

चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाच्याच परिसरांत उगम पावतात, पण विरुद्ध दिशांनीं निघून दूरचा वळसा घालून येथें भेटतात. चंद्रकन्या व सूर्यपुत्र यांच्या मीलनाची कथा तेथील लोक सांगतात. विद्यार्थ्यानें ओंजळभर पाणी डोळ्यांस लावलें आणि एका लहानशा बाटलींत आपल्या आईसाठीं भरून घेतलें. त्याची आई दरसाल पंढरीस जाते.

तिकडे जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांस दोन शब्द सांगतों. बर्फ वितळून ओढे दुपारीं फुगतात; ते सकाळींच ओलांडावे. चढण सावकाश करावी. आणि निघण्यापूर्वीं दोन दिवस राखीव ठेवावे. रजा तुटपुंजी असेल तर मुक्कामाचें ठिकाणच अलीकडे ठरवावें. लाहूल स्वतःच पाहण्याजोगा आहे.