डिकीतला संसार

सप्टेंबरातला रविवार, पहाटेचे सव्वासहा. रेडिंगच्या बाहेर एका शेतात मी मैत्रिणीच्या कोर्साची डिकी उघडली आणि ती पूर्ण वर जायच्या आत चार माणसं आत वाकली. हातात टॉर्च. एकाने माझ्या राइस कुकरचं झाकण उचललं. दुसरा "घड्याळं? जुनी नाणी? दागिने?" असं विचारत माझ्याच सॅकची चेन ओढत होता. ती सॅक विकायची नव्हती. तिच्यात पासपोर्ट होता.

याला कार बूट सेल म्हणतात. गाडीची डिकी म्हणजे इथला 'बूट'. घरातलं नको असलेलं सामान त्यात भरायचं, जागेचे दहा पौंड द्यायचे, ओल्या गवतात घडीचं टेबल मांडायचं आणि विकायला उभं राहायचं. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात हे सुरू झालं. स्टॉकपोर्टच्या एका पाद्र्याने कॅनडात पाहिलं आणि इथे आणलं, असं सांगतात. लोक हौसेनं येतात, कुत्री-मुलं घेऊन. पण सव्वासहाला येणारे ते चौघं हौशी नव्हते. ते व्यापारी. इथे स्वस्तात उचलायचं आणि दुपारी ऑनलाइन तिप्पट किमतीला टाकायचं.

त्यातल्या एकाने माझी जीन्स टॉर्चसमोर धरून उलटीपालटी केली आणि मला मिरजेतल्या आमच्या दारातली बोहारीण आठवली. ती अगदी अशीच साडी उजेडात धरायची. एक भोक सापडलं की स्टीलच्या डब्याची वाटी व्हायची. आई तिच्याशी अर्धा-अर्धा तास हुज्जत घालायची, पण चांगली, न फाटलेली साडी कधी बाहेर काढायची नाही. "धड कपडा दिला की तिला कळतं घरात अडचण आहे," म्हणायची. "मग ती भाव पाडते."

माझ्या टेबलावरचं बहुतेक सगळं धड होतं.

जुलैमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग, संध्याकाळी लॅपटॉपचं लॉगिन बंद. ऑगस्टमध्ये होम ऑफिसचं पत्र आलं: साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. मी अकरा इंटरव्ह्यू दिले. कोडिंग राउंड बरे जायचे. मग कुणीतरी फार गोड आवाजात विचारायचं, "तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का?" घरी सांगितलं होतं की प्रोजेक्ट पुण्याला हलतोय, म्हणून दिवाळीला मीच येते. बाबांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं, पोरीला पुण्यात प्रमोशन मिळालं.

खरं तर या दिवाळीला ते दोघं माझ्याकडे येणार होते. म्हणून जानेवारीच्या सेलमध्येच मी दोन कोट घेऊन ठेवले. आईला वांगी रंगाचा, बाबांना गडद निळा, लोकरीचा, सत्तर पौंडांचा. माप मिळावं म्हणून आईने बाबांचा शर्ट पलंगावर पसरून टेप लावली होती आणि फोनवर कुजबुजत आकडा सांगितला होता. बेचाळीस.

विक्रीत मी अगदीच ढ निघाले. मॉनिटरला चाळीस म्हणायचं ठरवलेलं आणि तोंडातून तीस निघालं. समोरच्याने लगेच पैसे काढले. लगेच पैसे निघाले की समजावं आपण फसलो. राइस कुकर तीन पौंड. इंटरव्ह्यूच्या तयारीची पुस्तकं एका शाळकरी पोराने पौंडाला दोन अशी नेली. त्याला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, जपून. खुर्चीवर सगळे बसून गेले, घेतली कुणीच नाही. प्रेशर कुकरला गोरे लोक लांबूनच वळसा घालत होते. शेवटी एक श्रीलंकन तमिळ मावशी आल्या. त्यांनी आधी झाकणाची रिंग ताणून बघितली, मग शिट्टी कानाजवळ नेऊन हलवली. चार पौंड, घासाघीस नाही. जाणकार गिऱ्हाईक मिळालं की बरं वाटतं, दोन पौंड कमी आले तरी.

नऊच्या सुमाराला ऊन आलं. साधारण साठीचे एक आजोबा थांबले आणि त्यांनी निळा कोट अंगात घातला. खांद्यात बरोबर बसला. बाहीला लटकलेला टॅग त्यांनी बोटांत धरला.

"नवाच आहे की. कुणासाठी घेतला होता?"

"वडिलांसाठी. येणार होते ते."

"आणि?"

"माझी नोकरी गेली," मी म्हणाले. "आता मीच परत चाललेय." दोन महिन्यांत हे वाक्य मी घरच्या कुणापुढेही उच्चारलं नव्हतं.

त्यांचा चेहरा खरोखर उतरला. फार वाईट झालं म्हणाले, दोनदा म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, "पंचवीस लिहिलंय. पंधराला देशील?"

मला हसू आलं. दिला. ते कोट घालूनच गेले. गर्दीत बराच वेळ ती निळी पाठ दिसत होती आणि मी बघत राहिले, त्यामुळे एकाने विचारलेली टेबललॅम्पची किंमत ऐकूच आली नाही.

कोट घरी नेता आला असता, नाही असं नाही. पण त्याच्यासोबत सगळी हकीकतही न्यावी लागली असती.

दुपारी गल्ला मोजला. जागेचं भाडं आणि चहा वजा करून शंभराला सहा कमी. तीन वाजता आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेसात, ती भाकऱ्या थापत होती.

"आवरलं का गं सगळं? बाबांच्या कोटाचं काय केलंस?"

"विकला."

"कितीला दिलास?"

"पंधरा पौंड."

तिचा हात थांबला. "टॅग होता ना त्याला?"

"होता."

तव्यावरची भाकरी तिने उलटली, पदराने कपाळ पुसलं.

"नोकरी कधी गेली?"

"जुलैत."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने गॅस बारीक केला.

"बाबांना तूच सांग. फिरायला गेलेत, आठपर्यंत येतील. फोन जवळ ठेव." मग म्हणाली, "आणि माझा कोट? तोही विकलास?"

"तो नाही गेला."

"मग घेऊन ये."

"आई, मिरजेत कुठे घालणार तू तो?"

"ते माझं मी बघेन."