पेटींत न मावणारा खर्ज

लहान पेटींतून मोठा आवाज निघावा, ही माणसाची हांव फार जुनी आहे. ग्रामोफोनच्या काळीं तिच्या सेवेला कर्णा होता. कर्णा गेला, हांव मात्र तशीच राहिली. पूर्वीं निदान घरें ऐसपैस होतीं, आणि यंत्र बेढब असलें तरी तें कोणाच्या पायांत येत नसे. आज पुण्यांत जुन्या बंगल्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. बंगल्याच्या दिवाणखान्यांत पंचवीस वर्षें ऐटीनें उभी असलेली, कमरेएवढ्या उंचीची स्पीकरांची जोडी तिसऱ्या मजल्यावरच्या दहा फूट रुंदीच्या खोलींत ठेवायची कोठें, हा प्रश्न मजपुढें गेल्या वर्षीं पडला. जोडी मीं एका विद्यार्थ्याला देऊन टाकली आणि लहान पेट्यांच्या शोधाला लागलों.

वाचकांना एक गोष्ट आधींच सांगून टाकलेली बरी. मी ऐकतों तें संगीत रॉक आहे. महाविद्यालयांत मी इंग्रजी काव्य शिकवितों, त्यामुळें माझ्या घरीं बीथोव्हेन वाजत असावा असा सहकाऱ्यांचा समज असतो. आडनांवावरून शेजाऱ्यांची अपेक्षा नाट्यसंगीताची असते. दोघांचीहि निराशा होते. सोळाव्या वर्षीं वसतिगृहांत कोणाच्या तरी कॅसेटवर लेड झेपेलिनचा ढोल माझ्या कानीं पडला. तो अजून तेथून निघालेला नाहीं. ‘हें परक्यांचें संगीत’ म्हणून जे नाक मुरडतात त्यांना मी इतकेंच सांगतों कीं, त्याच लेड झेपेलिनपैकीं जिमी पेज व रॉबर्ट प्लँट या दोघांनीं १९७२ सालीं मुंबईस येऊन, तेथल्या वादकांना बरोबर घेऊन आपलीं दोन गाणीं मुद्रित केलीं होतीं. तीं अधिकृतपणें बाहेर पडायला मात्र २०१५ साल उजाडावें लागलें. या माहितीनें कोणाचें मतपरिवर्तन झाल्याचें मला आठवत नाहीं.

रॉकमधल्या गायकाचे शब्द पुष्कळदां कळत नाहींत, आणि कळले म्हणजे न कळते तर बरें, असें कधींकधीं वाटतें. त्या संगीताचा प्राण तळाशीं आहे, पायानें वाजवायच्या मोठ्या ढोलांत आणि बेस गिटारींत. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली म्हणजे सेकंदाला सुमारें ४१ कंपनें होतात. पुरुष गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तारहि सहसा इतकी खालीं उतरत नाहीं. असा स्वर काढायचा तर हवा पुष्कळ ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खालीं गेला कीं, आवाज तितकाच मोठा राखण्याकरितां स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेंमागें हलावें लागतें. दोन सप्तकें खालीं गेला तर सोळापट. मग हातभर उंचीहि नसलेल्या पेटींतल्या वीतभर पडद्यानें करावें तरी काय? १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिलचर यानें बंद पेटींत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला आणि लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. कपाटाएवढ्या स्पीकरांचे दिवस तेव्हांपासून भरत आले. पण ही किमया फुकट नव्हती, त्या पेटीला वीज फार लागे. पुढें त्याच मंडळींतून बाहेर पडलेल्या हॉफमन नांवाच्या गृहस्थानें हा सगळा व्यवहार एका नियमांत बसविला. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणतींहि दोन मागा. तिसरें मिळणार नाहीं. दुकानांतला विक्रेता जेव्हां तीनहि देऊं करतो, तेव्हां एक हात लांकूड नि दहा हात ढलपी असा हा प्रकार आहे हें खुशाल समजावें.

माझ्या खोलींत महिनाभर दोन जोड्या पाहुण्या म्हणून राहिल्या. पहिली एका स्नेह्याची, इंग्लंडांतली ‘एलएस थ्री फाइव्ह ए’. उंची एक फूट, रुंदी साडेसात इंच. बी.बी.सी.च्या संशोधन विभागानें ती बाहेरगांवच्या प्रक्षेपणासाठीं जाणाऱ्या मोटारींत ठेवायला तयार केली आणि १९७६ सालीं तिच्यावर अहवाल प्रसिद्ध केला. निवेदकाचा आवाज खरा येतो आहे कीं नाहीं एवढेंच तिला सांगायचें होतें. दुसरी जोडी मुंबईस ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायांत असलेल्या माझ्या भाच्याची, यामाहाची ‘एनएस टेन’. काळी पेटी आणि तींत पांढरा शुभ्र पडदा. ही १९७८ सालीं बाजारांत आली ती घरीं गाणें ऐकणाऱ्यांसाठीं. घरच्यांनीं तिला जवळ केलें नाहीं. मात्र स्टुडिओंत मुद्रकाच्या टेबलावर ती अशी जाऊन बसली कीं, १९८० नंतरच्या वीस वर्षांतलें कितीतरी रॉक तिच्यासमोर मिसळलें गेलें. मोटारीसाठीं जन्मलेली घराघरांत लाडकी झाली आणि घरासाठीं जन्मलेली कारखान्यांत राबली. माणसांच्या बाबतींतहि जन्मपत्रिका अशाच चुकतात.

कसोटीला मीं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हें १९७१ सालचें गाणें घेतलें. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नांवाच्या जुन्या घरांत, जिन्याच्या पायथ्याशीं जॉन बॉनमचे ढोल मांडले होते, आणि मायक्रोफोन वर जिन्यांत टांगले होते. त्यामुळें त्या मुद्रणांत ढोलाबरोबर घरहि वाजतें. बी.बी.सी.च्या पेटीनें मला तें घर दाखविलें. छत किती उंच असावें, प्रतिध्वनि कोठून परततो, हें सारें भिंतीच्या पलीकडे पसरलेलें ऐकूं आलें. प्लँटचा गळा तर असा कीं, श्वास घेतांना ओठ उघडलेले कळावेत. पण ढोल? ढोल होता, सभ्यपणें होता. या पेटीनें १२५ हर्ट्झच्या आसपास खर्जाला थोडा फुगवटा दिलेला आहे. त्यामुळें तळ असल्याचा भास होतो आणि खऱ्या तळाची उणीव पटकन लक्षांत येत नाहीं. आवाज मोठा करावा तर पेटी कासावीस होते. तेवढ्याच विजेंत यामाहाची पेटी तिच्याहून सातेक डेसिबल मोठी वाजते. म्हणजे बरोबरी साधायला बी.बी.सी.च्या पेटीला पांचपट वीज पाजावी लागेल, आणि ती पचविण्याची तिची प्रकृति नाहीं.

यामाहाच्या पेटीनें घर दाखविलें नाहीं. गायक दोन पावलें पुढें येऊन कांहींशा कर्कशपणें बोलूं लागला, कारण दोन हजार हर्ट्झच्या आसपास तिला एक ठळक उठाव आहे. तिच्या ट्वीटरवर कित्येक मुद्रक पातळ टिश्यू कागद चिकटवीत, तें उगाच नव्हे. खर्ज तर पहिल्या पेटीहून अधिक आहे असेंहि म्हणवत नाहीं. पण बॉनमचा पाय पडला तो पडला! आघाताला धार होती, आणि आघात संपल्यावर तेथें कांहींहि उरत नव्हतें. तबलजीला चाटीपेक्षां डग्गा आवरणें कठीण जातें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना माझें म्हणणें कळेल. घुमक काढणें सोपें. मनगटानें ती नेमकी तोडणें, यांत हात दिसतो. साउथॅम्प्टन विद्यापीठांतल्या कीथ हॉलंड यांनीं फिलिप न्यूएल यांच्यासह २००१ सालीं मांडलेल्या एका निबंधांत नेमकें हेंच मोजून दाखविलें आहे. इतर पुष्कळ लहान स्पीकरांच्या मानानें या बंद पेटींतले खालचे स्वर फार लवकर थांबतात. त्याच सालीं ती पेटी निघणें बंद झालें, हाहि एक योग.

या दोघींच्या तुलनेंत मला एक तिसरी पेटीहि एका दुकानांत ऐकायला मिळाली. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, तसल्या आज शेंकड्यांनीं मिळतात. पेटीला मागून भोंक असतें, त्यांतून आंतली हवा ठराविक स्वराला फुंकर घालते आणि खर्ज दुणावतो. पहिलीं दहा मिनिटें ऐकणारा चाट पडतो. विसाव्या मिनिटाला मला कळलें कीं, बेस गिटार कोणताहि स्वर वाजवो, पेटी एकच ‘बुं’ म्हणते आहे. रॉकच्या शौकिनाला विक्रेते मुद्दाम हीच पेटी दाखवितात, कारण त्याला दणका हवा असतो अशी त्यांची समजूत. दणका हवा असतो हें खरेंच. पण दणका म्हणजे खर्जाचा सांठा नव्हे. तो वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबला पाहिजे, नाहींतर ताल बसत नाहीं आणि ताल गेला कीं रॉकमध्यें मागें काय राहतें तें मीं वर सांगितलेंच आहे.

शिवाय खर्जाची उणीव कान स्वतः बरीच भरून काढतो. आमच्या लहानपणीं हाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर अभंग लागत. त्या यंत्राच्या पडद्याला तंबोऱ्याचा खर्ज काढणें अशक्य होतें, तरी तो आम्हांला ऐकूं येत असे. मूळ स्वर नसला तरी त्याच्या वरच्या सहस्वरांच्या अंतरावरून मेंदू तो ओळखतो व जागेवर आणून ठेवतो. लहान पेटींत बेस गिटार ऐकतांना हाच न्याय चालतो. कोणता स्वर वाजला तें कळतें. फक्त छातीवर त्याचा हात पडत नाहीं. आणि हात पडला पाहिजे या हट्टाचा एके काळीं मी मोठा भक्त होतों.

आतां त्या हट्टाच्या आड माझी आई आहे. ती शहाऐंशी वर्षांची, भिंतीपलीकडे निजते, आणि तिची झोंप फार पातळ झाली आहे. दुपारीं ती पोथी घेऊन बसते तेवढे दोन तास माझे. एरवीं आवाज बोलण्याच्या पातळीवर. येथें निसर्ग आणखी एक अडचण घालतो. आवाज लहान केला म्हणजे कानाला सगळे स्वर सारख्या प्रमाणांत लहान होत नाहींत. खर्ज आधीं बुडतो. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं याचे आलेख काढले. म्हणजे रात्रीं दहाला झेपेलिन ऐकणाऱ्याच्या पेटींत खर्ज किती, हा प्रश्न जवळजवळ निरर्थक होतो; पेटींत असलेला खर्जहि त्याच्या कानापर्यंत पोंचत नाहीं. पोंचते ती ढोलाची धार. त्यांत माझे कान पन्नाशी ओलांडलेले, ट्वीटरची वरची नाजूक किणकिण त्यांना तशीहि ऐकूं येत नाहीं. यामाहाच्या ज्या कर्कशपणाबद्दल भाचा माझी क्षमा मागत होता, तो मला फारसा टोंचला नाहीं. वयाचा असा फायदा वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेला नसावा.

जागेचाहि प्रश्न होताच. बी.बी.सी.च्या पेटीला चहूंबाजूंनीं मोकळी हवा लागते. पुस्तकांच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवली कीं तिचा गळा दाटून येतो. यामाहाची पेटी भिंतीजवळ उलट सुधारली. भिंतीनें खर्जाला जो टेकू दिला तो तिला हवाच होता. टेनिसन आणि ब्राउनिंग यांच्या मधोमध एक, आणि शब्दकोशांच्या शेजारीं दुसरी, अशा त्या आतां बसल्या आहेत. भाच्याची जोडी परत करून मीं तसलीच एक वापरलेली विकत घेतली.

स्नेह्याची जोडी परत करतांना मात्र जीव थोडा अडकला. तिच्यावर ऐकलेले गळे मी विसरणार नाहीं, आणि मी गाण्याऐवजीं गायक ऐकणारा असतों तर निकाल उलट लागला असता. सौ. चें मत अजून तेंच आहे. तिच्या दृष्टीनें आम्ही चांगली सून परत पाठवून खाष्ट ठेवून घेतली.

भाचा म्हणतो, फक्त खालच्या स्वरांसाठीं एक वेगळी पेटी मिळते, ती कोपऱ्यांत ठेवा म्हणजे ४१ हर्ट्झहि घरांत येतील. म्हणणें शास्त्रशुद्ध आहे. पण मधला आवाज भिंत अडवते, तसा खर्ज तिला अडवतां येत नाहीं. तो लादींतून सरळ खालच्या मजल्यावर उतरतो. खालीं तीन महिन्यांचें मूल आहे, आणि त्याची आई माझीच विद्यार्थिनी. तें मूल शाळेंत जाऊं लागेपर्यंत तो विचार तहकूब आहे.