सुईदोऱ्याची साधना

घरातील पुरुषाने हाती सुई धरावी, ही कल्पना आपल्याकडे अजूनही हसण्यावारी नेली जाते. बाजारात शिलाईयंत्रावर दिवसभर पुरुष बसतो, त्याचे कोणास नवल वाटत नाही; पण घरी सदऱ्याची गुंडी तुटली की पत्नीला हाक जाते. दाम मिळतो तेथे ते कसब आणि मिळत नाही तेथे ते बायकी काम, अशी आपण श्रमाची वाटणी करून टाकली आहे.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे आम्ही पाहुणे म्हणून गेलो, तेव्हा हा विचार मनात घोळत होता. मंदिराच्या बाह्य भिंतींवर पाथरवटांच्या छिन्नीने शिल्पांच्या रांगा उमटल्या आहेत. औंढ्याची कथाही कारागिरांचीच. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याचे थापटणे एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, असे वारकरी परंपरा सांगते. ते कच्चेपण घालविण्यासाठी नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. नामदेव कुळाने शिंपी. याच जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा यांच्याच रूपकाने ते नामस्मरण सांगतात. गुरू लाभल्यावरही सुईची भाषा त्यांना परकी झाली नाही.

आपल्या श्रद्धेला तरी हे कोठे नवीन आहे? प्रभू येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखत. करिंथ येथे संत पौल अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहिला आणि त्यांच्यासवे तंबू करण्याचा धंदा करू लागला. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांच्या स्मरणार्थ नेमून दिला. त्या दिवशी आपण हातांच्या श्रमाचा गौरव करतो. मग उरलेल्या दिवसांत आपले हात रिकामे का?

संधिवाताने पत्नीची बोटे आखडली आणि घरातील सुई आमच्याकडे आली. प्रथम धावदोरा, मग तुरपाई, मग गुंडी. गुंडीखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घालावेत, मग काडी काढून त्या मोकळ्या जागी दोऱ्याचे वेढे द्यावेत, म्हणजे कापड ओढले जात नाही, हे तिनेच शिकविले. सध्या तिच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे चालू आहे. कोणते लुगडे कोणत्या सणाचे, हे ती सांगत जाते. टाका तिरपा गेला की आखडलेले बोट त्यावर ठेवते. एका घरात इतकी वर्षे राहूनही अशा निवांत गप्पा आमच्यात पूर्वी क्वचितच झाल्या होत्या.

सेवानिवृत्त बांधवांना म्हणूनच आमचे सांगणे आहे. कोणी अंबाडीचा दोर वळावा, कोणी बाज विणावी, कोणी बांबूची टोपली करावी. काहीच जमण्यासारखे नसेल तर सुई घ्यावी. तिला फारसे भांडवल लागत नाही. शिकविणारी बहुधा घरातच असते. तिचे हात चालते आहेत तोवर तिच्याजवळ बसून शिकून घ्यावे.