मुक्या जीवाचे खेळणे

व्यापारी घरात वस्तू हातात घेतली की ती उलटसुलट करून पाहण्याची सवय असते. धान्याचा दाणा, कापडाचा पोत, मापाचा खरेपणा पारखल्याविना माल दुकानात चढत नाही. मात्र घरातील कुत्र्यासाठी खेळणे घेताना ही नजर बहुधा गल्ल्यावरच राहते.

सांगलीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या एकत्र कुटुंबात पाच महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत होते. चपला, उंबरठा, खुर्चीचे पाय, काहीच त्याच्या तावडीतून सुटेना. पाहुण्यांनी कौतुकाने दोन्ही टोकांना गाठ असलेले एक पांढरे ‘हाड’ आणले. नातवाने वेष्टन वाचून विचारले, “आप्पा, रॉहाइड म्हणजे काय हो?” उत्तर सूनबाईंनी दिले, “गुराच्या कातड्याचा आतला थर.” आप्पांनी ते तसेच खाली ठेवले.

आप्पांचा आक्षेप अहिंसेचा होता. पशुवैद्यांनी त्यात आणखी एका कारणाची भर घातली. कातड्याचा गिळलेला तुकडा ओलाव्याने फुगतो आणि घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. मग कधीकधी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

परंतु वस्तू निर्दोष असली की ती सुरक्षितही असते, असे नाही. सुती दोराचे धागे पोटात गेले तर आतडी गोळा होतात. टेनिसच्या चेंडूवरील खरखरीत लव दात झिजवते. हिमालयातील दुधाची छुर्पी हिंसेविना बनते. पण तिच्या कठीणपणामुळे दात तडकू शकतो. यासाठी परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचे नख दाबल्यावर खेळण्यावर खूण उमटली पाहिजे. ते तोंडात पूर्ण मावू नये. त्याला बटणांचे डोळे, घुंगरू, निघून येणारी शिट्टी किंवा बॅटरीचा सेल नसावा.

अमेरिकेत १९७० च्या दशकात जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावत असे. मोटारीचा एक रबरी सुटा भाग त्याला फार आवडला आणि त्यावरूनच ‘काँग’ हे पोकळ रबरी खेळणे जन्मले. आप्पांच्या घरी पिल्लासाठी मऊ रबराचे असेच खेळणे आले. त्यात साधा दहीभात भरून ते गार केले, की हिरड्यांना थंडावा मिळतो आणि पिल्लू बराच वेळ रमते.

आत काय भरावे, यालाही विवेक लागतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. ज्या स्वयंपाकघरात ते येतच नाहीत, तिथे ती भीती नाही. पण सांगलीत बेदाण्यांना तोटा नाही आणि द्राक्षे-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेटही तसेच विषारी.

आता त्या घरात रोज संध्याकाळी मुले खेळणी मोजून उचलतात, फाटलेले किंवा तुकडा निघालेले बाजूला काढतात. वस्तू घेताना व ठेवताना जिवाला इजा होऊ नये, ही आदान-निक्षेपण समितीची शिकवण त्यांना अशी खेळता खेळता मिळते. दुकानातील गिऱ्हाईक वाईट माल परत आणून देते. मुक्या जीवाला ती सोय नाही. म्हणून त्याच्या वतीने पारख घरच्यांनीच करायची असते.