झाडावरच्या घरातली तिसरी गोष्ट

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या पहिल्या हॅलोविन भागात तीन गोष्टी आहेत आणि माझा जीव तिसरीवर आहे. पहिल्या दोन कुणालाही पाहताक्षणी आवडतील अशा आहेत. तिसरी आवडायला मला निम्मं आयुष्य लागलं.

२५ ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला. मालिका सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सुरुवातीला सिम्पसन कुटुंबातली आई, मार्ज, पडद्यापुढे येते आणि आईवडिलांना बजावते, की आजचा कार्यक्रम भीतीदायक आहे, मुलांना झोपायला पाठवा. १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटाच्या आरंभी एक गृहस्थ प्रेक्षकांना असाच इशारा देतात, त्याची ही आठवण. मग हॅलोविनच्या रात्री तिची मुलं बार्ट आणि लिसा झाडावरच्या लाकडी घरात बसून एकमेकांना भुताखेतांच्या गोष्टी सांगतात. धाकटी मॅगी चोखणी चोखत ऐकते, आणि त्यांचा बाप होमर बाहेर लपून ऐकतो.

पहिल्या गोष्टीत हे कुटुंब स्वस्तात मिळालेल्या जुन्या घरात राहायला जातं. भिंतींतून रक्त झिरपतं, घर स्वतःच ‘निघा इथून’ म्हणून दरडावतं. शेवटी मार्जचा पारा चढतो आणि ती त्या घरालाच खडसावते. घर विचार करायला थोडा वेळ मागून घेतं आणि या माणसांबरोबर नांदण्यापेक्षा स्वतःच कोसळून नाहीसं होतं. दुसऱ्या गोष्टीत कँग आणि कोडोस हे एकडोळे, लाळ गाळणारे परग्रहवासी सिम्पसन कुटुंबाला यानात नेऊन पंचपक्वान्नं वाढतात. हे आपल्याला पोसून खाणार, असा संशय लिसाला येतो. डेमन नाइटच्या १९५०च्या कथेत आणि तिच्यावर बेतलेल्या ‘द ट्वायलाइट झोन’च्या १९६२च्या भागात हा संशय खरा ठरतो. इथे मात्र तो खोटा निघतो. दुखावलेले यजमान पाहुण्यांना पृथ्वीवर परत आणून सोडतात.

मी हा भाग पाहिला तो नव्वदच्या दशकात, डोंबिवलीला आमच्या घरी केबल आली तेव्हा. स्टार प्लसवर त्या काळी इंग्रजी मालिका लागत. निम्मे संवाद डोक्यावरून जायचे, पण कोसळणारं घर कळायला भाषा लागत नव्हती. तिसरी गोष्ट सुरू झाली तेव्हा एक जाड, घुमणारा आवाज काहीतरी यमकात म्हणू लागला आणि मी उठून पाणी प्यायला गेले.

आमच्या घरी भीतीचं खातं बाबांकडे होतं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं वाचनालयातून आळीपाळीनं येत. दिवाळीला ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे अंक यायचे. सुट्टीत रात्रीची जेवणं झाली की बाबा त्यातली एखादी गूढकथा मोठ्यानं वाचत. आई आतून ओरडायची, “अहो, मुलं झोपायची नाहीत!” आणि मध्येच हात पुसत दाराशी येऊन स्वतःही ऐकत उभी राहायची. कथा संपली की गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल आणायला आम्हा भावंडांपैकी कुणी धजत नसे. बाबाच उठत, टॉवेल आणत, दाराची कडी बघत, आणि एकेका खोलीतला दिवा मालवत अंधारातून सरळ आपल्या अंथरुणाकडे जात. त्या चालण्याचा मला फार आधार वाटायचा. मोठं झालं की भीती संपते, हे मी त्या चालण्यावरूनच ठरवून टाकलं होतं.

कॉलेजात एडगर ॲलन पो अभ्यासाला आला आणि ती तिसरी गोष्ट नव्यानं भेटली. ती पोची ‘द रेव्हन’ ही कविता आहे, जानेवारी १८४५मध्ये ‘न्यूयॉर्क इव्हनिंग मिरर’मध्ये छापून आलेली. मध्यरात्र, एकटा माणूस, पुस्तकांत बुडून मेलेल्या प्रेयसीला विसरायचा प्रयत्न. दारावर, मग खिडकीवर टकटक. खिडकी उघडताच एक डोमकावळा आत येतो आणि पुतळ्यावर जाऊन बसतो. काहीही विचारलं तरी त्याला एकच शब्द येतो. आता कधीच नाही, एवढंच तो सांगतो. प्रेयसीचं नाव लेनोर.

वर्गात सरांनी पोच्या बायकोबद्दल सांगितलं. व्हर्जिनिया १८४२च्या जानेवारीत गाताना खोकली आणि तोंडातून रक्त आलं. क्षय झाला होता. पुढची पाच वर्षं तिनं अंथरूण धरावं, थोडं बरं वाटावं, पुन्हा धरावं, असं चाललं. १८४७च्या जानेवारीत ती गेली, चोविसाव्या वर्षी. म्हणजे ही कविता छापून आली तेव्हा ती जिवंत होती. शेजारच्या खोलीतला खोकला ऐकत त्यानं पुढचा शोक आधीच लिहून ठेवला असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

लग्नानंतर न्यू जर्सीला आले. ऑक्टोबरात दारोदार भोपळे दिसायला लागले, लाकडी घरांच्या पायऱ्यांवर सांगाडे आणि कापसाची कोळिष्टकं आली. हॅलोविनची मुळं आयर्लंडकडची. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, अमेरिकेत आल्यावर सलगमाची जागा भोपळ्यानं घेतली. २००० सालापासून बरीच वर्षं फॉक्सवर या दिवसांत बेसबॉलचे सामने असत, त्यामुळे सिम्पसन्सचा हॅलोविन भाग नोव्हेंबरात ढकलला जाई. आमच्याकडे एकीकडे चकल्यांचा घाणा, दुसरीकडे टीव्हीवर कँग आणि कोडोस, अशी काही वर्षं गेली. पहिला भाग मात्र मी दुसऱ्या पर्वाच्या डीव्हीडीवर पुन्हा लावला, आणि या खेपेला तिसऱ्या गोष्टीच्या वेळी जागची हलले नाही.

त्या गोष्टीत होमर हा तो एकटा माणूस आहे. लेनोर म्हणजे मार्ज, फक्त भिंतीवरच्या तसबिरीत. डोमकावळ्याला बार्टचं तोंड आहे. लिसा पुस्तक उघडते तेव्हा बार्ट तक्रार करतो, हे तर शाळेचं पुस्तक! घाबरू नकोस, तू यातून काही शिकणार नाहीस, असं ती त्याला समजावते. मध्येच डोमकावळा बार्टची नेहमीची उर्मट शिवी हासडतो आणि लिसा त्याला दामटते, की तो तेवढा एकच शब्द बोलतो, दुसरं काही नाही. विनोद आहे तो साधारण इतकाच. बाकी कविता आहे, काटछाट केलेली पण पोच्याच शब्दांत. लेखकांमध्ये पोचं नाव सॅम सायमनच्या बरोबरीनं आहे, दिग्दर्शन डेव्हिड सिल्व्हरमनचं. इतके कमी विनोद पाहून मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग धास्तावला होता. आपण आजवर केलेली ही सगळ्यांत दिखाऊ गोष्ट ठरेल, अशी त्याला भीती होती. ती खरी ठरली नाही याचं मला मनापासून बरं वाटतं. नव्याकोऱ्या विनोदी मालिकेनं दीडशे वर्षांपूर्वीच्या कवितेवर इतका विश्वास टाकावा, ही मी टीव्हीवर पाहिलेल्या धाडसांपैकी एक मोठी गोष्ट आहे.

आणि तो घुमणारा आवाज. तो जेम्स अर्ल जोन्स यांचा. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर, नंतर ‘द लायन किंग’मधला मुफासा. हा माणूस लहानपणी इतका तोतरा बोलत असे, की कित्येक वर्षं तो शाळेत जवळजवळ मुकाच राहिला. तो कविता लिहितो हे मिशिगनमधल्या एका शिक्षकांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला वर्गापुढे उभं करून त्याचीच कविता म्हणायला लावली आणि ती तो न अडखळता म्हणून गेला. कवितेनं ज्याचं तोंड उघडलं त्याच्याकडून ही कविता ऐकायची! हे कळल्यापासून त्या भागातला त्यांचा प्रत्येक शब्द मला वेगळा ऐकू येतो. ते सप्टेंबर २०२४मध्ये गेले.

होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटानंही इथे थट्टा केलेली नाही. एरवी डोनटसाठी रडणारा होमर लेनोरचं नाव घेतो तेव्हा ते खरंच एखाद्या विधुराच्या तोंडून आल्यासारखं येतं.

कविता संपते आणि आपण पुन्हा झाडावरच्या घरात येतो. बार्ट म्हणतो, यात घाबरण्यासारखं काय आहे? लिसा सांगते, १८४५ सालची आहे, तेव्हा लोक लवकर घाबरत असतील. मुलं अंथरुणात शिरतात आणि ढाराढूर झोपतात. झोप येत नाही ती होमरला. दिवा चालू ठेवू या, म्हणून तो मार्जच्या विनवण्या करतो. ती ऐकत नाही. अंधारात तो पांघरूण वर ओढून घेतो, आणि खिडकीबाहेर डोमकावळा आहे.

लहानपणी मला वाटायचं, बाप घाबरट आहे आणि गंमत तेवढीच. मुलं झाल्यावर कळलं, की त्या घरात ही कविता समजलेला तो एकटाच आहे. जिच्या तसबिरीपुढे आत्ताच रडून झालं, ती शेजारी झोपलेली आहे. दहा वर्षांच्या बार्टला लेनोरचं काय! या मालिकेत कुणी मोठं होत नाही. बार्ट १९८९पासून दहा वर्षांचाच आहे आणि हॅलोविन भागात कुणीही मेलं तरी पुढच्या आठवड्यात सगळे जेवणाच्या टेबलावर हजर असतात. होमरच्या घरात लेनोर परत येते. पोच्या घरात आली नाही.

आमच्याही नाही. कोविड ओसरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आई गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आम्ही भावंडांनी जमेल ते सांगून पाहिलं, मुलांचं नीट करू, घर विकणार नाही. मग बाबा पुढे झाले. एरवी असल्या गोष्टींवर विश्वास नसलेले बाबा अर्धा तास त्या पिंडाशी बोलत होते. वेळेवर जेवीन. गोळ्या घेईन. तुझ्या मावशीला दर महिन्याला फोन करीन. लेकीकडे जाऊन राहीन म्हणाले, तेव्हा कावळा आला.

म्हणून त्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे होते. रात्री झोपायला जाताना ते म्हणाले, “अगं, पॅसेजमधला दिवा राहू दे.” मी राहू दिला. कारण विचारलं नाही.

हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं चॉकलेटांच्या पिशव्या घेऊन परतली आणि दरवर्षीप्रमाणे सिम्पसन्सचे जुने भाग लावून बसली. मुलीचा लाडका आहे १९९४चा, ज्यात होमर टोस्टर दुरुस्त करता करता कालयंत्र बनवतो आणि डायनोसॉरच्या काळात जाऊन एक डास मारून सगळं जग बदलून टाकतो. रे ब्रॅडबरीच्या १९५२च्या कथेचं ते फार सुंदर रूप आहे, पण त्या दिवशी मी हट्टानं पहिला भागही लावायला लावला. बाबा चष्मा लावून बसले. कोसळणाऱ्या घराला हसले. तिसरी गोष्ट सुरू होताच मुलगा म्हणाला, “आई, हे बोअर आहे,” आणि दोघं चॉकलेटांची वाटणी करायला आत गेली.

लेनोरची तसबीर दाखवतात तिथे एक गंमत आहे. मार्जचा निळा अंबाडा इतका उंच, की चित्र एका चौकटीत मावत नाही. वर दुसरी चौकट लावून उरलेले केस त्यात काढले आहेत. “एका चौकटीत बसली नाही ती,” बाबा म्हणाले आणि पुढचं सगळं होईपर्यंत काही बोलले नाहीत.

डोंबिवलीला परतल्यावर त्यांनी फोनवर ती कविता मागून घेतली. शब्दकोश घेऊन रोज एकेक कडवं लावत. आमचं बोलणं त्या दिवसांत हवापाण्यावरून सुटलं आणि कवितेवर आलं. एकदा त्यांनी विचारलं, या माणसाला कळलंय ना, की पक्ष्याला एकच शब्द येतो? मग तो पुन्हा पुन्हा का विचारतो? तेही असे प्रश्न, की त्या उत्तरानं जास्तीत जास्त दुखावं?

मी त्यांना पोचा १८४६चा निबंध सांगितला. कविता आपण कशी रचली हे त्यात पोनं गणित सोडवल्यासारखं मांडलं आहे. लांबी आधी ठरवली, पालुपद ठरवलं, पक्षी म्हणून पहिल्यांदा पोपट मनात आला होता, मग डोमकावळा घेतला. आणि हा माणूस मुद्दाम असे प्रश्न विचारतो, कारण ठरलेल्या उत्तरानं होणाऱ्या वेदनेत त्याला एक सुख मिळतं, असंही पो लिहितो.

बाबा बराच वेळ विचार करत असावेत. मग म्हणाले, “नाही गं, हे पटत नाही मला. लिहिलं त्यानं, तेव्हा बायको होती त्याची. घर रिकामं झाल्यावर त्यात कुणीतरी उत्तर देतं, हेच पुष्कळ असतं. कसलं उत्तर देतं ते कोण बघतंय!”

पुढच्या कडव्यातला एक शब्द त्यांना कोशात सापडत नव्हता. धुपाटणं, मी सांगितलं. देवदूतांनी धूप फिरवल्यासारखा वास येतो, त्या कडव्यात आहे तो. सिम्पसन्समध्ये तिथे लिसा आणि मॅगी पंख लावून येतात. बाबांना ते आठवलं. म्हणाले, थांब, लिहून घेतो.