खाऱ्या वाऱ्यातील डोक्यावरची फेक

डिस्क गोल्फ या खेळात चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी असते आणि ती कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीपर्यंत पोचवायची असते. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात आखलेले मैदान हे या खेळाचे पहिले कायमचे मैदान मानले जाते. मालवण तालुक्यातील आचरा किनाऱ्यावर प्रस्तुत लेखकाने या खेळातील एकाच फेकीचा, म्हणजे खांद्याच्या वरून केलेल्या डोक्यावरच्या फेकीचा, वाऱ्यात सराव केला. तेथे टोपलीची जागा वाळूत रोवलेल्या काठीने घेतली, आणि वारा हा अडथळा नसून सरावाचा मुख्य विषयच ठरला.

आचऱ्याचा किनारा साधारणपणे दक्षिणोत्तर पसरलेला असून त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेते. शालेय भूगोलात ज्यांना खारे वारे म्हणतात ते हेच, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ते दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून चांगलेच जोर धरतात. रात्री हे चक्र उलटते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, पण त्यांचा जोर बहुधा कमी असतो. सकाळी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढले जात असतील तर किनारा ही कामाची जागा असते, तेव्हा तेथे तबकड्या उडवणे अयोग्यच. त्यामुळे सरावाची वेळ आपोआप दुपारनंतरची, म्हणजे नेमकी वाऱ्याची, ठरते.

वाऱ्यात आडवी फेक का बिघडते हे आधी समजून घेतले पाहिजे. तबकडीवर हवेचा जो जोर पडतो तो हवेच्या सापेक्ष वेगाच्या, म्हणजे तबकडी आणि वारा यांच्या वेगांतील फरकाच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला २० मीटर वेगाने सुटलेल्या तबकडीला समोरून सेकंदाला ५ मीटरचा वारा लागला तर तिच्यासाठी हवेचा वेग २५ मीटर होतो आणि जोर दीडपटीहून थोडा अधिक भरतो. तोच वारा पाठीमागून असेल तर जोर निम्म्याहून किंचितच जास्त उरतो. परिणामी समोरच्या वाऱ्यात तबकडी वर उचलली जाऊन एका कुशीवर कलंडते, तर पाठीमागच्या वाऱ्यात ती आधाराविना लवकर खाली बसते. गिरकी घेणाऱ्या वस्तूला पुढून-मागून झुकवू पाहणारा रेटा तिला प्रत्यक्षात बाजूला झुकवतो, हा भौतिकीचा नियम या कलंडण्याच्या मुळाशी आहे.

डोक्यावरच्या फेकीत तबकडी जवळजवळ उभी धरली जाते आणि हात क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू परत फेकताना फिरतो तसा फिरतो. कोकणातील वाळूत टेनिस चेंडूचे क्रिकेट खेळून तयार झालेल्या खांद्याला ही फेक लवकर जमते. उलट, जगभर प्राथमिक मानली जाणारी आडव्या हाताची फेक त्याला बराच काळ परकी वाटते, असे निरीक्षण येथे नोंदवण्यासारखे आहे. डोक्यावरच्या फेकीचे दोन प्रकार आहेत: तबकडीच्या कडेच्या आत बोटे लावून केलेली ती टोमाहॉक आणि अंगठा लावून केलेली ती थंबर. उजव्या हाताच्या टोमाहॉकमध्ये तबकडीची फुगीर पाठ डावीकडे असते, तर थंबरमध्ये ती उजवीकडे. उभ्या तबकडीला वर उचलणारा आधार नसल्यामुळे ती आरंभी फेकलेल्या दगडासारखी कमान घेते, पण हवेचा रेटा तिला क्रमाक्रमाने फिरवतो आणि उड्डाणाच्या उत्तरार्धात ती उलटी, म्हणजे पोकळ बाजू आकाशाकडे करून, खाली येते.

समोरच्या वाऱ्यात ही फेक सरस ठरते, कारण वाऱ्याला तबकडीची फक्त कडा दिसते आणि तिला उचलून धरण्याची संधी मिळत नाही. परंतु आचऱ्याला समोरच्या वाऱ्याशी झुंजायचे म्हणजे तबकडी समुद्राच्या दिशेने फेकायची, आणि ती परत मिळेलच याची खात्री कोण देणार? म्हणून फेक किनाऱ्याच्या लांबीनेच करावी लागते, वारा बाजूने लागतो, आणि जी उभी तबकडी समोरच्या वाऱ्यात निसटते तीच बाजूच्या वाऱ्याला आपली सुमारे २१ सेंटीमीटर व्यासाची सगळी पाटी दाखवून शिडासारखी वाहवत जाते. या फेकीच्या सर्वसाधारण वर्णनांत तिच्या वाऱ्यातील लाभावर जेवढा भर असतो तेवढा या दोषावर नसतो, आणि किनारपट्टीवर तर दोषच आधी भेटतो.

यावरचा उपाय फेकीच्या प्रकाराच्या निवडीत सापडतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास समुद्र उजव्या हाताला येतो. अशा वेळी टोमाहॉक फेकली तर तबकडीची पोकळ बाजू वाऱ्याकडे राहते आणि तिचा स्वतःचा ओढा व वाऱ्याचा रेटा हे दोन्ही जमिनीच्या दिशेने एकवटतात, त्यामुळे ती किनाऱ्यालगतच्या सुरूच्या झाडांत जाऊन पडते. थंबर फेकली तर फुगीर पाठ वाऱ्याकडे होते, तबकडीचा ओढा समुद्राकडे राहतो, आणि वाऱ्याचा रेटा काही अंशी फिटतो. उत्तरेकडे फेकताना हा हिशेब उलटा, म्हणजे टोमाहॉकच्या बाजूने, लागतो. अर्थात फुगीर बाजूवर वारा आला की तबकडी लवकर उलटते, म्हणून अंतर थोडे कमी धरावे लागते. येथे लांब पल्ल्याचा हट्ट न धरणेच श्रेयस्कर.

वाऱ्यात फेकीची वेळ कशी साधावी, यासाठी खाडीत पाग टाकणाऱ्यांचे काम पाहण्यासारखे आहे. पाग हे शंकूच्या आकाराचे फेकजाळे असून त्याच्या खालच्या घेरावर शिशाची वजने असतात, आणि अंगाला झोक देऊन फेकल्यावर ते गोल उघडते. पाग टाकणारा वारा पाठीशी घेतो आणि झुळूक ओसरेपर्यंत थांबतो. गोल्फच्या तबकडीतही बरेचसे वजन कडेत साठवलेले असते व त्यामुळेच तिची गिरकी टिकते. पण थांबण्याची ती शिस्त तबकडी फेकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. किनाऱ्यावरचा वारा सलग वाहत नाही, तो झोतांनी येतो, आणि दोन झोतांमधील उसंत पाहून केलेली साधारण फेक भर झोतातील जोरदार फेकीपेक्षा काठीच्या जवळ पडते.

उंचीचा प्रश्न मात्र पागेला नाही, तबकडीला आहे. सुरूच्या आडोशाला, झाडांच्या जमिनीकडच्या बाजूस, हवा शांत भासते. पण डोक्यावरची फेक सहज शेंड्यांच्या वर जाते, तेथे वारा खालच्यापेक्षा जोरात असतो, आणि आतापर्यंत सरळ चाललेली तबकडी एकाएकी फिरते. आडोशाला उभे राहिल्यास शेंड्यांची हालचाल पाहून फेकीचा कोन ठरवावा, वाळूवरील शांततेवरून नव्हे. हलक्या, लवकर उलटणाऱ्या तबकडीपेक्षा १७० ग्रॅमच्या आसपासची, घट्ट कडेची तबकडी अशा वेळी अधिक विश्वासू असते, परंतु तिला खांद्याची किंमत मोजावी लागते, आणि खांदा नीट न तापवता थेट वाऱ्याशी सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी हात डोक्यावर नेणेही कठीण होते.