काढलेला पट्टा

मोटारीच्या इंजिनातला टायमिंगचा पट्टा आणखी किती चालेल, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. एवढं साधं वाक्य लिहायला मला फार उशीर झाला, कारण मला ते सांगता येतं असं आमच्या उद्यमनगरात लोक मानतात आणि त्यांनी तसं मानलेलं मला आवडतं. सांगली-निपाणीकडून गाड्या येतात. "एकदा मिस्त्रींना दाखवून घ्या," म्हणून दुसरे गॅरेजवाले पाठवतात. मग वरचं कव्हर सैल करायचं, आत बॅटरी मारायची, पट्ट्याची लांब बाजू अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून पिळायची आणि जरा थांबून बोलायचं. ते थांबणं मुद्दाम असतं. माणूस तेवढ्यात माझ्या तोंडाकडे बघतो आणि ते बघणं मला हवं असतं.

गेल्या पावसाळ्यापासून त्याच अंगठ्याला आणि बोटांना स्पर्श नीट कळेनासा झाला. साखरेनं नसा धरल्या, असं डॉक्टर म्हणाले. पाना धरता येतो, नट आवळता येतो. पण पट्टा पाव वळशावर अडतोय की पुढं सरकतोय, ते हात सांगत नाही. ताण बघायचं काम आता माझ्याकडची पोरगी करते. आयटीआय करून आली, मला मामा म्हणते. आल्या आल्या तिनं विचारलं, "मामा, पिळून ताण कळतो. वय कशावरनं कळतं?" मी म्हटलं, बघून. त्यावर ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून हललेला नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तोवर आमच्याकडच्या रोजच्या कामात पट्टा नव्हताच. अ‍ॅम्बॅसेडर असो की फियाट, आत चेन. बाहेरच्या देशांत तो आधीच रुळला होता. जर्मनीच्या ग्लास कंपनीनं १९६२ साली १००४ या मोटारीच्या कॅमला दातेरी रबरी पट्टा लावला, इटलीत फियाटच्या लाम्प्रेदी या इंजिनिअरनं १९६६ मध्ये दोन कॅमच्या इंजिनाला. आवाज कमी, वजन कमी, तेल नको, किंमत कमी. चेनवर हात बसलेल्या माझ्या उस्तादांना रबरावर विश्वास ठेवणं जड गेलं, पण त्यांनी पट्टा बघायचं कसब स्वतः तयार केलं आणि मला दिलं. ते पट्टे निओप्रीनचे होते. म्हातारे झाले की पाठीवर बारीक आडव्या भेगा पडत, दात मुळाशी तडकत, कडेचे धागे सुटत, नखानं दाबलं तर वळ उठत नसे. त्या पट्ट्यांचं वय खरोखरच बघून कळायचं.

पुढं रबर बदललं. आता बहुतेक पट्टे एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात. ते उष्णता जास्त सोसतं, तेलही थोडंफार सोसतं, टिकतंही जास्त. फक्त वय दाखवायचं ते बंद झालं. भार ओढतात ते आतले काचतंतूंचे दोर, आणि थकतात ते हे दोर आणि दातांची मुळं. वरची कातडी शेवटपर्यंत काळीभोर राहते. कोयकिड्याचा आंबा वरून निर्दोष दिसावा, तसं हे. नवा पट्टा खोक्यातून काढताना कुणी दुमडला, मुठीत आवळला, तर आतला तंतू तिथंच मोडतो आणि बाहेर कसलीच खूण राहत नाही. म्हणून पोरांना मी पट्टा खुंटीवर लटकवू देत नाही. पट्टा आडवा, सपाट ठेवायचा.

बघण्यासारखं जे असतं, ते पट्ट्याच्या आजूबाजूला असतं. कॅमच्या सीलखाली तेलाची ओल, क्रँकच्या पुलीमागं चिकटलेली काळी लापशी, वॉटरपंपाच्या भोकातून उतरलेला कूलंटचा सुकलेला ओघळ. पट्टा ज्यावरून फिरतो त्या रोलरचा सकाळी पहिल्या स्टार्टला येणारा बारीक सूर. यातलं काही दिसलं तर निर्णय सोपा. अडचण आहे ती काहीच दिसत नाही तेव्हा. गाडी पंधरा-सोळा वर्षांची, मालक दुसरा किंवा तिसरा, मागं पट्टा कधी बदलला ते कुणाला ठाऊक नाही, मीटर मध्ये काही वर्षं बंद होतं, आणि कव्हर उघडलं तर आत सगळं स्वच्छ. अशा गाडीसमोर मी तासभर उभा राहिलो आहे.

कारण चूक केवढ्याला पडते, ते मला माहीत आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असतं तेव्हा क्रँक सेकंदाला पन्नास फेरे घेतो, पट्ट्यानं त्याला जोडलेला कॅम पंचवीस. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला पंचवीस वेळा उघडून मिटतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. क्रँकच्या दातेरी पुलीवर, म्हणजे सगळ्यांत लहान चक्रावर, पट्ट्याचे चार दात सोलले की संपलं. व्हॉल्व वाकतात, कधी गाइड फुटतं, कधी कॅमच तुटतो. आणि गाडी एक दिवस आधीपर्यंत उत्तम चाललेली असते. चेन निदान खडखडते, क्लच घसरतो, ब्रेक किंचाळतो. पट्टा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.

आता जे मला छळतं, ते सांगतो. वेळेवर बदललेला पट्टा काहीच सिद्ध करत नाही. मी सांगितलं, मालकानं पैसे दिले, पट्टा काढला, तो त्याच्या हातात ठेवला. तो उलटसुलट करून बघतो. छापलेले आकडेसुद्धा वाचता येतात. "मिस्त्री, हा तर नवाच दिसतोय." यावर माझ्याकडं उत्तर नाही. तो पट्टा अजून वर्षभर चालला असता की पुढच्या आठवड्यात तुटला असता, हे आता कुणालाच कधीच कळणार नाही. सुताराचं दार नीट लागतं, शिंप्याचा सदरा अंगावर बसतो. माझं काम नीट झालं तर काहीच घडत नाही.

म्हणून काढलेला पट्टा खराब निघावा, असं मला वाटतं. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. मालकासमोर पट्टा उजेडात धरून मी दातांच्या मुळाशी एखादी तडक शोधतो, आणि ती सापडली की आत काहीतरी सुखावतं. दुसऱ्याची गाडी तुटायच्या किती जवळ होती, याचं हे सुख. तडक जितकी मोठी, तितका मी मोठा. उस्ताद असे नव्हते. ते काढलेला पट्टा न बघताच टाकून द्यायचे. तेव्हा मला वाटे, ते दमलेत. आता वाटतं, त्यांना त्यात बघण्यासारखं काही राहिलेलं नसे.

आमच्याच रांगेत एक जण व्हाइटनर लावून पट्टा बदलतो. जुन्या पट्ट्यावर, कॅमवर, क्रँकवर पांढऱ्या खुणा करायच्या, दात मोजून त्या नव्या पट्ट्यावर उतरवायच्या आणि खूण जुळवून चढवायचा. काम निम्म्या वेळात होतं आणि तो माझ्यापेक्षा कमी पैसे घेतो. मला ही रीत मान्य नाही. आधीच्या माणसानं एक दात पुढं-मागं बसवला असेल, तर तुम्ही तोच दोष नव्या पट्ट्यावर उतरवता. गाडी घाटात ओढत नाही, धूर सोडते, आणि मालक वर्षानुवर्षं ती म्हातारी झाली असं समजतो. कंपनीच्या खुणांवर आणायचं, लॉकिंग पिन घालायची, पट्टा चढवल्यावर क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या, आणि मगच स्टार्टरला हात लावायचा. नुसता पट्टा टाकून जुना रोलर तसाच ठेवणाऱ्यांबद्दल तर मला बोलायचंच नाही. पट्टा नवा आणि बेअरिंग जुनं, म्हणजे तुटायची जागा फक्त बदलली.

चेनवाल्या नव्या गाड्या विकणारे "आयुष्यभर बघायला नको" असं सांगतात, तेही खरं नाही. वेळेवर तेल बदललं नाही तर चेन ताणली जाते, तिचा टेन्शनर आणि गाइड झिजतात, आणि ते काम पट्ट्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत तर पट्टाच तेलात चालतो. तो झिजला की रबराचा चुरा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. कव्हर सैल करून बॅटरी मारायचीही सोय तिथं नाही. या रचना करणारे हुशार आहेत याबद्दल मला शंका नाही, पण गाडी पंधराव्या वर्षी कुणाच्या दारात उभी असेल आणि ती कोण उघडेल, याचा विचार त्यांत मला दिसत नाही.

परवा असाच निर्णय पुढं आला. ओळखीच्या एका गुरुजींची २००९ ची डिझेल इंडिका, पिंपरीच्या कारखान्यातली. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी पर्यावरण कर भरून पुन्हा पासिंग करून घेतलेलं. गाडी सेकंडहँड घेतलेली, पट्ट्याचा इतिहास कुणाला माहीत नाही. त्यांचा पुतण्या बरोबर आला होता. त्याचा हिशेब सरळ होता: गाडी विकली तर सत्तर हजारही यायचे नाहीत, पट्टा, रोलर, सील, मजुरी धरून त्यातले सात-आठ हजार कशाला घालायचे? जोवर चालते तोवर चालवू.

हा हिशेब अगदी चूक नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, पट्टा तुटला तरी व्हॉल्व-पिस्टन एकमेकांना लागत नाहीत अशा पेट्रोल गाडीच्या मालकाला मीही "चालवा" म्हणतो. पण डिझेलमध्ये पट्टा न बदलणं म्हणजे गाडी भंगारात काढायची तारीख त्या पट्ट्यावर सोपवणं. तो तुटल्यावर हेडचं काम गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं, मग कुणी ते करत नाही. आणि गुरुजींची मुलगी कणकवलीला दिलेली. ते दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून जातात, बऱ्याचदा नातवंडं मागं बसलेली. उतारावर इंजिन मेलं की स्टेअरिंग जड होतं. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिनावरच तयार होतो. तो साठलेला दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगड होतं. पुतण्याच्या हिशेबात हा घाट कुठंच नव्हता. मी तो सांगितला. या खेपेला कव्हर उघडून, पिळून, थांबून बोललो नाही. न बघताच म्हणालो, बदलायचा. पोरगीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि जॅक आणायला गेली.

काम तिनंच केलं. मी पिन आणि खुणा बघितल्या. इंडिकाचा पट्टा डिझेलचा पंपही फिरवतो, त्यामुळं तिसरी खूण जुळवायची असते, आणि ती जुळवताना पंपाची पुली स्प्रिंगच्या जोरानं किंचित मागं उसळते. तिनं ती अंगठ्यानं थोपवून धरली, पट्टा क्रँककडून चढवत नेला, ढिली बाजू टेन्शनरकडं ठेवली. मला बोलावं लागलं नाही.

काढलेला पट्टा मी सवयीनं खिडकीपाशी नेला. एकही तडक नाही. कडा शाबूत, दातांवरचं कापड शाबूत, पाठीवरचे आकडे वाचता येण्यासारखे. तेवढ्यात तिनं जुना रोलर माझ्या हातात दिला. "मामा, फिरवून बघा. कोरडा आहे." ग्रीस असलेलं बेअरिंग हाताला जडसर लागतं, मुकाट फिरतं आणि थांबतं, कोरडं पडलेलं सुटतं, फिरत राहतं आणि आत बारीक खरखर लागते. मी फिरवला. तो फिरत राहिला एवढं दिसलं. खरखर मला लागली नाही. रोलर कानाशी धरला तरी शेजारच्या भट्टीच्या आवाजात ती ऐकू आली नाही. तिनं पुन्हा घेतला, डोळे मिटून फिरवला आणि म्हणाली, "आहे." एवढा एकच पुरावा निघाला आणि तो मला तपासता येत नव्हता.

संध्याकाळी गुरुजींनी विचारलं, "कसा निघाला हो पट्टा?" वाचलात, असं म्हणायला जीभ शिवशिवत होती, आणि रोलर दाखवून तसं म्हणता आलंही असतं. मी म्हणालो, "पट्टा चांगला होता, गुरुजी. रोलर कोरडा झालाय असं ही म्हणते." पुतण्याचं तोंड वाकडं झालं. गुरुजी म्हणाले, "चांगला निघाला ते बरंच झालं की. गेल्या महिन्यात पोरांना घेऊन घाट उतरलो होतो. खराब निघाला असता तर तेच डोळ्यापुढं येत राहिलं असतं." मालकाला पट्टा चांगला निघालेला हवा असू शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

आमच्याकडं पट्टा बदलला की कव्हरवर चिठ्ठी चिकटते: तारीख, किलोमीटर, काय काय टाकलं, आणि खाली माझी सही. ती सही बघून बेळगावच्या माणसानं गाडी न उघडता विकत घेतल्याची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. पोरगीनं चिठ्ठी लिहून माझ्यापुढं धरली. ताण तिनं बघितला होता, रोलर तिनं ओळखला होता. मी पेन तिला परत दिलं आणि सही तू कर म्हणालो. तिनं केली, वळणदार, पूर्ण नाव लिहून. मला ते आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही, पण इथून पुढं जिनं ताण बघितला तिचीच सही राहील, असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय.